डब्यात पुस्तक, पुस्तकावर लाडू

“कोणीही हात लावायचा नाही! मागे व्हा! सगळे मागे व्हा!”

संग्रहालयाच्या बाई अशा काही कडाडल्या की भिंतीवरच्या जुन्या फोटोंतले दाढीवाले शेतकरीसुद्धा पाऊलभर मागे सरकले. मी तर दोन्ही हात वर केले. अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर त्या पट्टीतला आवाज ऐकला की हात आपोआप वर जातात, मेंदूला विचारत बसत नाहीत. आमची शेजारीणबाई, नव्वदीला टेकलेली, वॉकर धरून उभी होती. तिला हात वर करणं शक्य नव्हतं, म्हणून तिने भुवया वर केल्या. त्या खोलीत एकच व्यक्ती अशी होती जी मागे झाली नाही, ती म्हणजे आमची ही. हिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ती पुढे निघाली होती.

“मॅडम! ती ओढणी खाली करा!”

“अहो, त्यांना सांगा ना, मी नुसतं टिपतेय. चोळत नाहीये,” ही मला म्हणाली.

“ती म्हणते, चोळत नाहीये,” मी हात वरच ठेवून इंग्रजीत सांगितलं.

“कोणी काहीच करायचं नाहीये!”

समोरच्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना, चौकोनी पत्र्याचा डबा उघडा पडला होता. त्यात एकोणिसाव्या शतकातलं, हाताने लिहिलेलं, पाककृतींचं पुस्तक होतं. शेजारीणबाईच्या पणजीच्या आईने ते लिहायला घेतलं, बैलगाडीतून ते इलिनॉयला आलं, दोन आगी आणि एक वादळ यातून ते वाचलं. आणि त्या पुस्तकावर, कागदी नॅपकिनमधून सांडून, विरघळून, अंग टाकून पसरले होते बेसनाचे लाडू. तूप नॅपकिनला ओलांडून गेलं होतं, चामड्याच्या पुठ्ठ्याला ओलांडून गेलं होतं, आणि मला विचाराल तर अमेरिकन यादवी युद्धाच्या आसपासच्या पानापर्यंत पोचलं होतं.

हे लाडू तिथे पोचले कसे, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहायला आलो तेव्हा चहूकडे मका होता, आणि मराठी माणूस बघायचा तर दुर्बीण घेऊन छपरावर चढावं लागे. आता फुटपाथवर खडा मारला तर तो पुण्याच्या माणसालाच लागतो, आणि तो वळून खडा मारण्याची योग्य पद्धत समजावतो. या सगळ्या काळात शेजारच्या घरात बदल झाला नाही. तिथे शेजारीणबाई होती. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी फावडं उलटं धरून बर्फ काढत होतो, तेव्हा तिने खिडकीतून ते सुलट धरायला शिकवलं. तेव्हापासून तिचं आणि हिचं गूळपीठ. ती हिला ‘हनी’ म्हणते, ही तिला ‘मावशी’ म्हणते, आणि ‘मावशी’ हे आपलंच नाव आहे असं समजून ती हाकेला ओ देते.

मावशींचा एकुलता एक मुलगा चँडलरला असतो, म्हणजे ॲरिझोनाच्या तव्यावर. तिथे तो कसल्याशा कारखान्यात मोठा साहेब आहे. त्याने ठरवलं की आईने आता एकटं राहायचं नाही, आपल्या घराजवळच्या वृद्धांच्या निवासात यायचं. त्याचं चुकलं असं नाही. फक्त तो सगळं कारखान्यासारखं करतो. एके सकाळी मावशींच्या ड्राइव्हवेवर कचरा टाकायचा एक लोखंडी डंपस्टर येऊन बसला. एवढा प्रचंड, की त्यात आमच्या लग्नाचं कार्यालय वऱ्हाडासकट मावलं असतं. पाठोपाठ मुलाचा फोन. मावशींना कमी ऐकू येतं म्हणून त्या फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे त्यांच्या घरातल्या गोष्टी आम्हाला कुंपणाच्या अलीकडे बसून कळतात.

“मॉम, ज्याला घेणारा आहे ते देऊन टाक. बाकीचं डंपस्टरमध्ये. महिनाअखेर तो ट्रक घेऊन जाणार.”

मावशींनी पियानो दिला, चिनी मातीची भांडी दिली, नवऱ्याच्या मासेमारीच्या काठ्या दिल्या. डोळ्यांत पाणी नाही. त्या पत्र्याच्या डब्यापाशी मात्र त्या अडल्या. मुलगा म्हणाला, फोटो काढून ठेव. नातवंडं म्हणाली, ग्रॅन, हे वाचताच येत नाही, कारण हल्ली तिथल्या शाळांत ती जोडून लिहायची वळणदार लिपी शिकवतच नाहीत. थोडक्यात, अमेरिकेतल्या एका अमेरिकन कुटुंबात अमेरिकन खापरपणजीचं इंग्रजी वाचणारं कोणी उरलं नव्हतं.

मावशींचं म्हणणं एवढंच होतं की हे पुस्तक डंपस्टरमध्ये जाऊ नये आणि ॲरिझोनालाही जाऊ नये. त्यांच्या लोकांनी जिथे जमीन नांगरली त्याच भागात ते राहावं. त्या जमिनीवर आता मॉलचं पार्किंग आहे, तेव्हा तिथे ठेवणं कठीण होतं. पण शेजारच्या गावात एक छोटं वस्तुसंग्रहालय होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, घेऊन या, पण आमच्याकडे हे अक्षर लावायला माणसं नाहीत. सोबत स्वच्छ टाइप केलेली प्रत द्या, मग कमिटीसमोर ठेवते.

“मला वाचून दाखवशील, हनी?” मावशींनी हिला विचारलं. त्यांची नजर पार अधू झाली आहे.

आमची ही मिरजेच्या शाळेत चार रेघी वहीत, बाईंच्या पट्टीच्या धाकाखाली इंग्रजी अक्षर गिरवलेली. तिने डबा उघडला, पहिलं पान बघितलं आणि जाहिरात वाचावी तसं घडाघडा वाचायला लागली. मावशी तोंडाकडे बघत राहिल्या. मी तर हिला ओळखतो त्या काळापासून तिच्यापुढे तोंड मिटूनच आहे.

मग रोज दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर कचेरी भरू लागली. ही सांगणार, मी टाइप करणार.

“काकवी अर्धा कप,” ही म्हणाली.

“काकवी? अमेरिकेच्या खापरपणजीकडे काकवी कुठून आली?”

“मोलॅसेस म्हणजे काकवीच की हो. पुढे लिहा. सुंठ. लोणी, अंड्याएवढं.”

“अंड्याएवढं म्हणजे किती ग्रॅम?”

“अंड्याएवढं म्हणजे अंड्याएवढं.”

“कोंबडीचं की बदकाचं?”

“तुम्ही जन्मभर इंजिनीअर होतात ना? मग मुकाट्याने टाइप करा. मैदा, मावेल तेवढा.”

“असं लिहिलंय तिथे?”

“तिने वेगळ्या शब्दांत लिहिलंय. पण मावेल तेवढाच.”

मी शपथेवर सांगतो, त्या अख्ख्या पुस्तकात एक धड माप नव्हतं. सुपारीएवढं लोणी, मुठीएवढी साखर, हात आत धरवेल इतपत भट्टी. मी रॉकेटला लागणारे सुटे भाग केलेला माणूस, मला रात्री झोप लागेना. हिला मात्र माहेरी गेल्यासारखं झालं होतं. दोन दिवसांत तिने शोध लावला की पुस्तकात अक्षरं दोन आहेत. एक ठसठशीत, ते सासूचं. दुसरं बारीक, तिरकं, ते सुनेचं.

“तुला काय माहीत ती सून होती?”

“हे बघा. सासूने केक लिहिलाय. खाली बारीक अक्षरात, ‘फार गोड होतो.’ हे मुलगी लिहील का? पुढे सासूने लोणचं लिहिलंय. त्याखाली बारीक अक्षरात, ‘टिकत नाही.’ आणि इथे बघा, सासूने ठळक अक्षरात उत्तर दिलंय, ‘झाकण नीट लावलं तर टिकतं.’”

त्या दोघी दीडशे वर्षांपूर्वीच्या, पण आमच्या टेबलावर त्यांचं भांडण असं रंगलं की ही रोज एका बाजूने होई. सकाळी सासूच्या, दुपारी सुनेच्या. जेवणाखेरीज त्यात साबण करायची कृती होती, खोकल्याचा काढा होता, कपड्यावरचा तेलकट डाग काढायचा उपाय होता. शेवटच्या पानावरून हात फिरवून ही म्हणाली, “संपलं हो,” आणि नाक ओढलं. माझी प्रत छापून तयार झाली. दुसऱ्या दिवशी डबा मावशींना परत द्यायचा आणि त्यांना घेऊन संग्रहालयात जायचं, असं ठरलं.

त्या संध्याकाळी घरात बेसन भाजण्याचा वास सुटला. असा सुटला, की विमानतळावर उतरायला आलेली विमानं आमच्या छपरावर घिरट्या घालू लागली. मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर लाडू, आणि शेजारी तो पत्र्याचा डबा.

“हे काय चाललंय?”

“डबा परत द्यायचाय ना उद्या? रिकामा कसा देणार?”

“अगं, रिकामा कुठे आहे? त्यात पुस्तक आहे!”

“पुस्तक त्यांचं आहे. आपलं काय आहे त्यात?”

ज्या घरात शेजारणीची वाटी साखरेचा एक दाणा तरी घालून परत जाते, त्या घरात वाढलेल्या बाईला तुम्ही काय सांगणार? मावशींनी एकदा ॲपल पायची थाळी पाठवली, ती आमच्याकडून शिरा भरून गेली. मावशींना वाटलं ही इथली रीत असणार, म्हणून त्यांनी ती कुकी भरून पाठवली. ती थाळी अशी कुंपणावरून ये-जा करत राहिली, की शेवटी तिचा रंग उडाला.

“पण पुस्तकावर लाडू?”

“नॅपकिनमध्ये गुंडाळलेत. आणि गाडीत बसल्या बसल्या मी ते त्यांच्या हातात देणारच आहे.”

सकाळी ही मावशींना आधार देत गाडीत बसवण्यात गुंतली, वॉकर मागे टाकण्यात मी गुंतलो, आणि डबा मागच्या सीटवर काचेशी जाऊन बसला. निघालो, तर वळणावर हिला आठवलं की आज शुक्रवार, आज इंडियन ग्रोसरीत ताजा कढीपत्ता येतो.

“पाचच मिनिटं.”

हिच्या पाच मिनिटांत मुंबईहून शिकागोला विमान येतं. मावशी म्हणाल्या, मीसुद्धा येते, मी कधी आत गेले नाही. मग काय, वॉकर बाहेर काढला. मावशींनी कारल्याला हात लावून बघितला, शेवग्याच्या शेंगेने मला ढोसलं, मसाल्यांच्या फळ्यांपुढे तीन वेळा शिंकल्या आणि चौथ्या शिंकेसाठी पुन्हा मागे गेल्या. काउंटरवरच्या काकांनी त्यांना खुर्ची दिली. तिकडे बाहेर जुलैच्या उन्हात, बंद गाडीत, काचेशी टेकलेल्या पत्र्याच्या डब्यात काय चाललं असेल, याची कोणालाही आठवण राहिली नाही. आम्ही कढीपत्ता, दोन नारळ आणि मावशींना आवडलेली आल्याची बिस्किटं घेऊन परत आलो. गाडीत साजूक तुपाचा वास दरवळत होता. मला वाटलं, दुकानातून अंगाला लागून आला.

संग्रहालयाच्या बाईंनी पांढरे हातमोजे घातले, आदराने झाकण उघडलं, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

ओरडून झाल्यावर बाईंनी एक प्लॅस्टिकची पट्टी आणली आणि शस्त्रक्रिया करावी तसा एकेक लाडू उचलून ताटलीत ठेवला. “हे नेमकं काय आहे?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“बेसनाचे लाडू,” ही म्हणाली.

“डेझर्ट,” मी म्हणालो.

“माझ्यासाठी होते?” मावशींनी विचारलं.

“हो हो, मावशी, तुमच्यासाठीच!”

“कोणी काही खायचं नाही!” बाई म्हणाल्या, कारण मावशींचा हात ताटलीकडे निघाला होता.

हिला आता राहवेना. “अहो, ह्यांना सांगा, तेलकट डागावर खडूची पूड टाकायची, वर जाड कागद ठेवायचा आणि गरम इस्त्री फिरवायची. त्या पुस्तकातच लिहिलंय! लोणच्याच्या पुढच्या पानावर! मी स्वतः वाचलंय.”

मी सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. “पुस्तकातला उपाय पुस्तकावर करत नाहीत.”

मग त्यांनी पांढऱ्या टीपकागदांचे थर लावले, पुस्तक हलक्या हाताने उघडलं, आणि हातमोजे काढून खुर्चीत बसल्या. बाई दुष्ट नव्हत्या. उलट फार थकल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, “सॉरी. या अवस्थेत मी हे आत घेऊ शकत नाही. साखर आणि तूप. याच्या मागे किडे येणार, मुंग्या येणार, आणि आतल्या सगळ्या जुन्या कागदांना लागणार. कमिटी ‘नाही’ म्हणेल. मीच ‘नाही’ म्हणेन.”

मावशींनी वॉकरची सीट उघडली आणि तिच्यावर बसल्या. “मग डंपस्टर,” त्या म्हणाल्या. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. बसचा नंबर सांगावा तसं म्हणाल्या.

हिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ओढणीचं टोक अजून बोटालाच गुंडाळलेलं होतं. ती माझी वाट न बघता, तोडक्यामोडक्या नाही तर अगदी खणखणीत इंग्रजीत बाईंना म्हणाली, “काय केलं तर आत घ्याल? ते सांगा. मी करते.”

बाईंनी चष्मा काढला. “किड्यांचा प्रश्न सुटला तर बघता येईल. मोठी संग्रहालयं असं काही आलं की पिशवीत सील करून काही आठवडे कडक गोठवतात. सगळं मरतं. पण आमच्याकडे फ्रीझर नाही. एक छोटा फ्रिज आहे, त्यात आमची सँडविचं असतात.”

हिने ओढणी सोडली. “फ्रीझर? केवढा हवा?”

आमच्या गॅरेजमधल्या फ्रीझरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी गॅरेजात तो असतो, पण आमचा हा त्या जातीचा राजा आहे. त्यात एस्किमो कुटुंब सुखाने नांदेल. खोवलेला नारळ, सोललेले मटार, गणपतीचे उरलेले मोदक, मागच्या होळीच्या पुरणपोळ्या, त्याच्याही मागच्या होळीच्या पुरणपोळ्या, आणि सगळ्यांत तळाशी एक पुडी, जिच्यात काय आहे ते हिलाही माहीत नाही, पण टाकवत नाही.

बाई खरंच बघायला आल्या. सोबत थर्मामीटर. ही पुढे, बाई मागे, मी हात खिशात घालून. बाईंनी झाकण उचललं, आत डोकावल्या, आणि हळूच म्हणाल्या, “माय गॉड.”

“ते मोदक आहेत,” ही म्हणाली.

“तापमान अगदी योग्य आहे,” बाई म्हणाल्या, आणि अमेरिकेतल्या एका संग्रहालयाने आमच्या गॅरेजला अधिकृत दर्जा दिला. एका अटीवर. तेवढे आठवडे झाकण उघडायचं नाही, म्हणजे गारवा एकसारखा राहील. हिने मान डोलावली. मान डोलावताना तिच्या मनात काय चाललं असेल? एका मराठी घराने नारळाशिवाय, मटारांशिवाय, आयत्या पुरणपोळीशिवाय दिवस काढायचे! शनिवारी पाहुणे आले तेव्हा आम्ही त्यांना टोमॅटोचं सार आणि ब्रेड वाढला. शिकागोभर बातमी पसरली की आमचं दिवाळं निघालं. माझा मुलगा फ्रीमाँटहून फोन करून विचारू लागला, “बाबा, आर यू गाईज ओके?”

पुस्तक दोन पिशव्यांत सील होऊन पुरणपोळ्यांवर विसावलं होतं. हिने त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवली होती: ‘हे खायचं नाही.’

मधल्या काळात महिनाअखेर आली. चँडलरहून चिरंजीव आले, भराभर खोक्यांवर टेप मारली, डंपस्टर भरला. निघायच्या दिवशी सकाळी मावशी वॉकर टेकत आमच्या गॅरेजात आल्या. मुलगा गाडीत हॉर्न वाजवत होता. ही म्हणाली, “उघडू?” मावशी म्हणाल्या, “उघडायचं नसतं ना?”

“तुमच्यासाठी उघडते.”

एवढं मोठं झाकण हिने वर धरलं. थंड वाफ बाहेर आली. मावशींनी आत हात घातला, पिशवीवर तळवा ठेवला, आणि बराच वेळ काढलाच नाही. मी त्या वेळी भिंतीवरच्या फावड्यांचं निरीक्षण करत होतो. मग त्यांनी हात काढला, लाल झालेली बोटं एकमेकांत चोळली.

“ती इथे गारव्यात,” त्या म्हणाल्या, “आणि मी निघाले भट्टीत.”

हिने त्यांना मिठी मारली. मी वॉकर घडी करायला गेलो आणि बोट चेमटवून घेतलं, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दुसरं काही नाही.

ठरलेला काळ संपल्यावर बाई स्वतः आल्या, पिशव्या घेऊन गेल्या. मग कमिटी बसली. मी हिला सांगितलं होतं की कमिटी हा प्रकार कुठल्याही देशात सारखाच, चहा होईल आणि ठराव पुढे ढकलला जाईल. ही देवापुढे उदबत्ती लावून बसली. त्या आठवड्यात तिने गोडाचं काहीही केलं नाही, आणि माझा मधुमेह आश्चर्याने दचकला.

चार दिवसांनी फोन आला. पुस्तक घेतलं होतं. नुसतं घेतलं नाही, तर समोरच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवणार होते. बाईंनी कमिटीला काय सांगितलं ते त्यांनी मला ऐकवलं. म्हणाल्या, आमच्याकडे स्वच्छ पाकपुस्तकं ढिगांनी येतात. स्वच्छ म्हणजे कोणी हातच लावला नाही. या पुस्तकात जुन्या लोण्याचे डाग आहेत, मोलॅसेसचे आहेत, आणि वर एक नवा आहे. तो आम्ही काढत नाही, त्याची नोंद करतो. त्यांनी मागे एकदा मावशींना विचारलंही होतं, हे तुमच्या आईच्या वापरात होतं का? आणि मावशी म्हणाल्या होत्या, ते कायम स्वयंपाकघरातच असायचं.

रविवारी आम्ही दोघं बघायला गेलो. पेटी खिडकीजवळ होती, आत एक छोटा दिवा. उघडं पान होतं सुंठीच्या केकचं, सुनेच्या शेऱ्यासकट. आणि कोपऱ्यात, पिवळट, पारदर्शक, जगातल्या कुठल्याही तेलापेक्षा स्पष्ट, आमचा डाग. ही काचेला नाक लावून उभी राहिली. एक शाळकरी मुलगी येऊन विचारू लागली, हे काय आहे, तर ही म्हणाली, “साजूक तूप,” आणि तिला समजावायला लागली. मी पेटीजवळची पाटी वाचली आणि धावत बाहेर जाऊन चँडलरला फोन लावला.

मी असा काही ओरडून सांगितला तो सगळा वृत्तांत, की पार्किंगमधले लोक गाड्यांत जाऊन बसले. काचेची पेटी मी छतापर्यंत उंच केली. दिव्याचं मी झुंबर केलं. रांग गल्लीपर्यंत नेली, गव्हर्नर येऊन गेल्याचंही सांगणार होतो, पण ही बाहेर आली आणि तिने फोन हिसकावला.

“मावशी, सगळं छान झालंय,” ती म्हणाली. “आणि पाटीवर काय लिहिलंय सांगू? ‘एकाच कुटुंबातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या स्वयंपाकात वापरलेलं पुस्तक.’ तुमच्या आईचं, आजीचं, सगळ्यांचं नाव राहिलं, मावशी.”

हिने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून एसीची घरघर ऐकू आली.

“आईला अंडं उकडता येत नव्हतं,” मावशी म्हणाल्या. “आजीलाही.”